अडलेला शब्द

मुलांनो, मराठीची वही तपासून परत आली की तुम्ही आधी काय पाहता? लाल खुणा मोजता ना? मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. त्या खुणांना भिणारी मुले मला रोज भेटतात.

तुमची अडचण खरी आहे. उर्दूत जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाहीत. वाचणारा ते ओळखून घेतो. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, उकार लिहावेच लागतात. वेलांटी बदलली की कधीकधी अर्थही बदलतो. 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी.

पण तुमच्याजवळ एक भांडवल आहे. उर्दूत 'स'च्या एकाच आवाजासाठी से, सीन आणि स्वाद ही तीन अक्षरे आहेत. 'सबक' सीनने आणि 'साबुन' स्वादने लिहायचा, हे तुम्ही लहानपणीच शिकलात. ते कसे जमले? पाहून आणि पुन्हा पुन्हा लिहून. तीच सवय येथे उपयोगी पडते.

आता कानाची मदत घ्या. 'गरीब', 'वकील', 'जमीन' हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांत 'ई' लांब ऐकू येते. उर्दूत तेथे 'ये' लिहितात. मराठीत दुसरी वेलांटी देतात. प्रत्यय लागला की ती पहिली होते: गरिबाला, वकिलाने, जमिनीवर. शब्दाच्या शेवटी वेलांटी आणि उकार दीर्घ असतात: पाटी, कवी, जादू, गुरू. 'आणि' हा अपवाद. 'मंदिर', 'मधुर', 'गुण' असे संस्कृतातून आलेले शब्द मात्र पाहूनच लक्षात ठेवावे लागतात.

शब्द अडला तर तो नीट पाहा, मोठ्याने म्हणा, हाताने झाका, लिहा आणि ताडून पाहा. चुकला तर पूर्ण शब्द पुन्हा लिहा.

माझ्या वर्गातील एक मुलगी गोष्ट फार छान सांगायची. पण वहीत चारच ओळी लिहायची. शंका आली की ती तो शब्दच गाळायची. मी तिला म्हणालो, "बेटा, शंका येईल त्या शब्दाखाली रेघ ओढ आणि पुढे लिही. शब्द नंतर तपासू." त्या आठवड्यात तिने दोन पाने लिहिली. रेघा पुष्कळ होत्या, पण गोष्ट पूर्ण होती.

मुलांनो, चुकलेला शब्द दुरुस्त करता येतो. जो लिहिलाच नाही, तो कोण दुरुस्त करणार?