उंचीच्या रकान्यातली वजाबाकी



दरवर्षी जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही वर्गातल्या मुलांची उंची आणि वजन घेतो. भिंतीला टेप चिकटवलेली, बाजूला वजनकाटा आणि मुलांचा एकच गलका, "बाई, मी वाढलो ना?" आकडे लिहायचे, रकाना भरायचा आणि रजिस्टर कपाटात ठेवायचं. कित्येक वर्षं मी एवढंच केलं. मुलांना रोज हातच्याची वजाबाकी शिकवणाऱ्या मला, मागच्या आकड्यातून आजचा आकडा ताडून पाहावा, हे कधी सुचलं नाही.

चौथीत एक मुलगी होती. नाव बदलून सांगते, सुमन. अंगाने बारीक आणि सगळ्यात पुढच्या रांगेत. सकाळी गणिताचा तास सुरू झाला की म्हणायची, "बाई, पोटात दुखतंय." मला वाटायचं, गणित नको म्हणून बहाणा करते. एकदा तर वर्गासमोर तसं बोलूनही गेले. दुपारी खिचडीचे दोन घास खाऊन ताट बाजूला सारायची. तिची आई शाळेत आली तेव्हा मी म्हणाले, "तिला जरा नीट खायला घाला." आई खाली मान घालून म्हणाली, "घालते की हो बाई, पण तिला भूकच लागत नाही." ते वाक्य मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही.

पुढे आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी रजिस्टर मागितलं आणि बोट ठेवलं : तिसरीच्या जूनमध्ये ११८ सेंटिमीटर, चौथीच्या जूनमध्ये १२०. "या वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. ही दोनच का वाढली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आकडे मात्र माझ्याच अक्षरातले होते.

सुमनच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. जंताची गोळी तिने घेतली होती, शाळेतली गुलाबी लोहाची गोळीही दर आठवड्याला घेत होती. लोहाचं औषध वाढवून तीन महिने दिलं, तरी फरक पडेना. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. थायरॉईड आणि इतर कारणं तपासून झाल्यावर त्यांनी दुर्बिणीने जठर पाहिलं, छोटा तुकडा तपासला. त्यात जिवाणू सापडला : हेलिकोबॅक्टर पायलोरी.

नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. मग वाचायला लागले. जठरातल्या आम्लात कोणताही जिवाणू टिकत नाही, असं पूर्वी मानत. हा मळसूत्रासारखा जिवाणू युरियापासून अमोनिया तयार करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल निवळून घेतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी त्याचा जठराच्या दाहाशी आणि अल्सरशी असलेला संबंध दाखवला. लोक विश्वास ठेवेनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी या जिवाणूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं आणि काही दिवसांत ते आजारी पडले! २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

हा जिवाणू बहुतेकांना लहानपणीच लागतो, बरेचदा घरातल्याच माणसांकडून : लाळेतून, उलटीतून, अस्वच्छ हातांतून, दूषित पाण्यातून. दाटीची घरं आणि पाण्याची टंचाई असेल तिथे जास्त. लागण झालेल्या बहुतेक मुलांना काहीच त्रास होत नाही. काहींच्या जठराला मात्र सूज राहते, भूक मंदावते. आम्ल आणि क जीवनसत्त्व कमी पडलं की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. मग गोळ्या देऊनही पंडुरोग हटत नाही.

उंचीचं काय? कोलंबिया आणि इक्वाडोरमधल्या गरीब वस्त्यांत मुलांची अनेक महिने मोजमापं घेऊन झालेल्या अभ्यासांत लागण झालेल्या मुलांची वाढ मंद दिसली. पण सगळीकडचे निष्कर्ष सारखे नाहीत. जिथे हा जिवाणू, तिथेच बहुधा गरिबी, कमी आहार आणि वारंवारचे जुलाबही असतात. कशाने किती उंची खुंटली, हे वेगळं काढणं अवघड. म्हणूनच आमच्या डॉक्टरांनी बजावलं, "मूल बुटकं दिसलं की या जिवाणूची तपासणी करत सुटू नका. आधी इतर कारणं बघायची. आणि नुसत्या रक्ताच्या अँटिबॉडी तपासणीवर मुलांना अँटिबायोटिक द्यायचं नाही."

सुमनला १४ दिवस औषधं होती. एकही डोस चुकवायचा नव्हता, म्हणून दुपारचा डोस शाळेत माझ्यासमोर व्हायचा. नंतर पुन्हा लोहाचं औषध सुरू झालं, आणि या वेळी हिमोग्लोबिन चढलं. काही आठवड्यांनी खिचडी वाढणाऱ्या ताई म्हणाल्या, "बाई, सुमननं आज दुसऱ्यांदा मागितली." पुढच्या वर्षभरात ती पाच सेंटिमीटर वाढली. सगळं श्रेय त्या औषधाला देणार नाही. लोह, भूक, आईची धडपड, सगळंच त्यात आहे.

मी त्या माउलीची माफी मागितली. ती हसून म्हणाली, "असू द्या बाई, तुम्हीच तर पाठवलं." खरं तर मी वर्षभर उशिरा पाठवलं होतं.

आता वर्गात एवढं करते :

• उंची घेतली की मागच्या वर्षीच्या आकड्याशी वजाबाकी. ती मुलांकडूनच करून घेते.
• वर्षात चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ दिसली, तर पालकांना भेटून आरोग्य केंद्रात पाठवते.
• वारंवार पोटदुखी असेल तर तारीख, वेळ, खाण्याआधी की नंतर, हे वहीत लिहिते. रक्ताची उलटी, काळी शी, घटणारं वजन किंवा झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर लगेच डॉक्टर.
• जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात. घरी बाळाला घास चावून भरवू नये, हेही पालकसभेत सांगते.

निदान करणं आपलं काम नाही. पण "बाई, पोटात दुखतंय" हे खरं मानणं आपलं काम आहे. या आठवड्यात एकदा रजिस्टर कपाटातून काढा आणि वजाबाकी करून बघा.