सहजराव

जुलै लागला की भातकुलीच्या पेन्शनर मंडळींत एका पाहुण्याचं नाव निघतं. सरकारदरबारी आयटीआर-१, म्हणजे प्राप्तिकर विवरणपत्राचा फॉर्म; लाडाचं नाव सहज. आपण सहजराव म्हणू. वर्षाला ५० लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या माणसांत ऊठबस आहे, अहोजाहो करायला हरकत नाही. २०११ पासून या नावाने वावरताहेत. नावासारखं वागायची मात्र त्यांना घाई नाही.

येतात ते अर्धे भरूनच. नाव, पॅन, पेन्शनचा आकडा, कापलेला कर, सगळं आधीच मांडलेलं. त्यांना ही खबर पुरवणारा एआयएस (वार्षिक माहिती विवरण) नावाचा एक चोंबडा २०२१ पासून सोबत असतो. कोणत्या बँकेत किती व्याज झालं, त्याला पाठ. घरात बायकोला न सांगता केलेली एफडीसुद्धा. आपण फक्त "बरोबर आहे" म्हणायचं, अशी सहजरावांची अपेक्षा. पण त्या चोंबड्याचं कधीकधी चुकतं, आणि ते आपण दाखवून दिलं नाही तर खापर आपल्या डोक्यावर.

रिटायर झालेले गुरुजी ऑनलाइनच्या दुकानात खुर्ची ओढून बसले की पहिला सवाल ठरलेला. "माह्या खात्यातून माहे पैसे मीच काढले, ते याले कायले सांगाचे?" इथे सहजराव दिसतात तेवढे खाष्ट नाहीत. नातीच्या लग्नाला एफडी मोडून दहा लाख काढले, तर मुद्दलाबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीतली ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, विकलेल्या पेन्शनचे एकरकमी मिळालेले पैसे, यांतल्या कशालाच कर नाही. करमुक्तच्या रकान्यात लिहून द्या, एवढंच म्हणणं. त्यांचा जीव अडकलेला असतो व्याजात.

आणि व्याजाच्या बाबतीत त्यांची तऱ्हा न्यारी. पाच वर्षांची एफडी, व्याज शेवटी एकदम मिळणार. गुरुजींचा हिशेब सरळ: हातात पडेल तेव्हा सांगू. बँक मात्र दरवर्षी व्याज झालं असं कळवून मोकळी होते, मर्यादेपुढे गेलं तर करही कापते. "अजून एक रुपया पाह्यला नाही अन् उत्पन्न झालं?" गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून विचारतात. दुकानातला पोरगा म्हणतो, "गुरुजी, मी काय करू, इथं दिसून राह्यलं." भांडण पोराशी, आणि सहजराव पडद्यावर ढिम्म.

वयाबाबतही त्यांचं गणित वेगळं. गुरुजी ५८ व्या वर्षी निवृत्त झाले, गावाने शाल-श्रीफळ दिलं, सगळे म्हातारे म्हणायला लागले. सहजराव साठीपर्यंत ज्येष्ठ मानायला तयार नाहीत. एप्रिल २०२५ पासून साठी उलटलेल्याला एका बँकेतलं एक लाखापर्यंतचं व्याज कर न कापता मिळतं, त्याआधी ५० हजारांपर्यंतच. पंच्याहत्तरीनंतर पेन्शन आणि व्याज दोन्ही एकाच ठरावीक बँकेत असेल, तर भेटीतूनच सुटका. हिशेब बँक करते. पण पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे पैसे टाकलेले असले की सुटका हुकली. आणि पोस्टात पैसे नसलेला पेन्शनर शोधूनच काढावा लागेल.

शेतीचं नाव काढलं की मात्र ते नाक मुरडतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण ५ हजारांच्या वर गेलं की म्हणतात, आमच्याकडे नाही, थोरल्या भावाकडे जा. म्हणजे आयटीआर-२ कडे. हा आकडा कुठल्या शहरी माणसाने ठरवला असावा असा मला दाट संशय आहे. २०२५-२६ चा तुरीचा हमीभावच क्विंटलला ८ हजार. भातकुली पडली खारपाण पट्ट्यात, विहिरीचं पाणी खारं, चार एकरांतली कपाशी-तूर पावसाच्या भरवशावर. पाऊस दगा देतो त्या वर्षी गुरुजी सहजरावांचे. पीक बरं झालं की थोरल्याच्या दारात. चांगल्या हंगामाची अशी शिक्षा मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

गुरुजी गेले तर बाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनाला ते पगाराच्या पंगतीत बसवत नाहीत, 'इतर उत्पन्ना'त ढकलतात. पगाराच्या पंगतीतली ७५ हजारांची वजावट नव्या करपद्धतीत गुरुजींना मिळायची. बाईंना पेन्शनच्या एक तृतीयांश किंवा २५ हजार, त्यातलं जे कमी ते.

कर शून्य आला तरी भेट चुकवलेली त्यांना खपत नाही. २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत सवलतीने कर लागत नाही, हे गावात सगळ्यांना तोंडपाठ. ४ लाखांपुढे उत्पन्न गेलं की विवरणपत्र भरावंच लागतं, हे कोणाच्या कानावर नसतं.

जास्तीचा कापलेला कर ते परत करतात, इमानदारीने. उशीर झाला तर वर व्याजही देतात. आणि पुढच्या जुलैत त्याच व्याजाला उत्पन्न म्हणून दाखवायला लावतात.

खरा रुसवा शेवटी असतो. सगळं भरून झालं, पाठवलं, गुरुजी उठायला लागले की सहजराव म्हणतात, पडताळणी राहिली. आधारचा ओटीपी जातो पुण्याच्या पोराच्या मोबाइलवर, आणि पोरगा असतो मीटिंगमध्ये. गुरुजी फोन लावतात, पोरगा कापतो. परत लावतात. तोवर ओटीपी शिळा. ३० दिवसांत हे उरकलं नाही तर पाठवल्याची तारीख ते विसरतात आणि पडताळणीची तारीखच भरल्याची तारीख धरतात. म्हणजे वेळेत भरूनही उशिरा. ऐंशी ओलांडलेल्यांना कागदावर भरून द्यायची मुभा आहे, बाकीच्यांना ऑनलाइनच भरावं लागतं.

तेव्हा मंडळी, सहजरावांची एरवीची मुदत ३१ जुलै. त्याआधी एवढं करा: आधारला कोणाचा नंबर जोडलेला आहे तो बघा, आणि पोराचा असेल तर आपला करून घ्या.