हसायची भीती

जेन ऑस्टिनच्या कादंबरीवर कोणी विनोदी सिनेमा काढला की माझ्या कपाळाला आठी पडायची. 2010 साली ‘एम्मा’वरून हिंदीत ‘आयशा’ आला. दिल्लीतल्या श्रीमंत मुली आणि त्यांच्या खरेद्या बघून मी तो अर्ध्यात बंद केला, आणि पुढे कितीतरी वर्षं न बघितलेल्या अर्ध्या भागावरही ठणकावून मत देत राहिले. त्याच कादंबरीवरचा अमेरिकन ‘क्लूलेस’ तर न बघताच बाद करून टाकला. 2020 मध्ये ऑटम द वाइल्ड या दिग्दर्शिकेने ‘एम्मा’ पुन्हा काढला. काळ तोच, दोनशे वर्षांपूर्वीचा, पण सूर उघड विनोदी. पोस्टरवरचे ते नाजूक रंग बघून मी भाचीला म्हणाले, “कादंबरी राहिली बाजूला, यांनी पेस्ट्रीचं दुकान मांडलंय.” अभिजात साहित्य गंभीरपणे घ्यायचं असतं, आणि ज्यांना ते झेपत नाही ते त्याची गंमत करतात, असं माझं मत होतं.

हेच तोंड ‘संशयकल्लोळ’चं कौतुक करताना थकत नव्हतं. देवलांनी मोलिएरचं प्रहसन आर्थर मर्फीच्या इंग्रजी रूपांतरावरून घेतलं, 1893 मध्ये त्याचं ‘तसबिरीचा घोटाळा’ केलं आणि 1916 मध्ये त्यात पदं घालून संगीत नाटक उभं केलं. फाल्गुनराव आणि कृत्तिका इतके आपले झाले की त्यांचं मूळ गाव पॅरिस आहे हे सांगावं लागतं. पु.लं.नी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हाही शॉचा अपमान झाला असं मला कधी वाटलं नाही. मग ऑस्टिनलाच एवढं सोवळं का? भाचीने हे एकदा विचारलं होतं. मी काहीतरी भारदस्त उत्तर देऊन वेळ मारून नेली.

खरं उत्तर साधं होतं. मी ऑस्टिनला भीत होते.

माझं शिक्षण खानदेशात, मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी पाचवीत भेटलं आणि पहिल्या दिवसापासून छातीवर बसलं. बी.ए.ला ‘एम्मा’ नेमलेली होती. आधी गाईड वाचलं, मग गाईडच्या आधाराने कादंबरी. एम्माचे वडील मिस्टर वुडहाउस यांच्यासाठी ऑस्टिनने वापरलेला ‘व्हॅलिट्युडिनेरियन’ हा शब्द मी वहीत तीनदा लिहून पाठ केला. अर्थ, सदैव आपल्या प्रकृतीची काळजी वाहणारा मनुष्य. स्वभावचित्रणाच्या प्रश्नाला हमखास येणारा. आता परीक्षेत येणाऱ्या माणसाला कोण हसतं? हा गृहस्थ लग्नातला केक पाहुण्यांच्या पोटाला बाधेल म्हणून कासावीस होतो, आलेल्या-गेलेल्याला पातळ पेज घ्यायचा आग्रह करतो, आणि मी कपाळावर घाम घेऊन त्याचे गुणविशेष पाठ करत होते.

लग्नानंतर सुरतेजवळ कामरेजला आले. घरात बसून काय करायचं म्हणून इंग्रजीच्या शिकवण्या सुरू केल्या. चार रस्त्याच्या आसपास सौराष्ट्रातून हिऱ्याच्या कामासाठी आलेली कुटुंबं भरपूर, आणि मुलाला इंग्रजी आलं पाहिजे हा प्रत्येकाचा ध्यास. माझा जम बसला. एका गोष्टीची मला आता गंमत वाटते. कामरेज पूर्वी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होतं. गायकवाडांचे मराठी अंमलदार इथे येत, तेव्हा गावकरी समोर हात जोडत असतील आणि पाठ वळली की त्यांच्या बोलण्याची नक्कल करत असतील, याची मला खात्री आहे. साहेबाची भाषा अशीच अंगवळणी पडते. मला मात्र इंग्रजीसमोर जोडलेले हात सोडता आले नाहीत. उलट त्याच मुद्रेवर मी फी घेऊ लागले.

भाची सुट्टीत आली होती, तिने तो 2020चा ‘एम्मा’ लॅपटॉपवर लावला. मी नाक मुरडत शेजारी बसले. समोरच्या फ्लॅटमधल्या काठियावाडी बा विरजण मागायला आल्या आणि वाटी हातात घेऊन तिथेच टेकल्या. त्यांना इंग्रजीचा गंध नाही.

बिल नाय हा नट मिस्टर वुडहाउस झाला आहे. त्याला घरात सतत कुठून तरी वारा लागत असतो. मग दोन नोकर घडीचे पडदे उचलून आणतात, याच्या भोवती उभे करतात, पुन्हा हलवतात. नोकरांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. बा एकदम खुदकन हसल्या. “आ डोसाने टाढ बहु वाय छे!” म्हाताऱ्याला थंडी फार वाजते म्हणे. आणि मीही हसले. चांगली मोठ्याने. माझा तो पाठ केलेला शब्द त्या पडद्यांच्या आड बसला होता, आणि बांना तो गाईडशिवाय समजला होता.

मग मला कळायला लागलं की दिग्दर्शिकेने कादंबरी हलकी केलेलीच नव्हती. ऑस्टिनचा विनोद निवेदनात असतो. ती एखाद्या पात्राचंच म्हणणं त्याच्याच तोऱ्यात सांगते आणि वाक्याच्या शेवटी त्याला अलगद उघडं पाडते. सिनेमात ही निवेदिका नसते. तिचं काम कोणाला तरी करावं लागतं. इथे ते पडद्यांनी केलं, निर्विकार नोकरांनी केलं, लाल झगे घालून रांगेने जाणाऱ्या शाळकरी मुलींनी केलं. पटकथा एलेनॉर कॅटनची, 2013 चं बुकर मिळवलेल्या कादंबरीकार बाईची. तिने ऑस्टिन गाईडमधून वाचली नव्हती, एवढं नक्की.

पण मी ज्यासाठी हे लिहिते आहे ते पुढे आहे.

मिस बेट्स ही गावच्या जुन्या पाद्र्याची अविवाहित मुलगी. वडील गेले, पैसा गेला, म्हाताऱ्या आईबरोबर भाड्याच्या खोल्यांत राहते, आणि अखंड बोलते. मिरांडा हार्टने ती अशी केली आहे की ती दारात दिसली तरी आपल्याला हसू येतं. तास-दीड तास आम्ही तिघी तिला हसत होतो. मग बॉक्स हिलवरची ती सहल येते. सहलीतला तरुण फ्रँक चर्चिल खेळ काढतो, प्रत्येकाने एम्मासमोर एक चतुर गोष्ट सांगायची, नाहीतर दोन बऱ्या, नाहीतर तीन अगदी कंटाळवाण्या. मिस बेट्स भाबडेपणाने म्हणते, कंटाळवाण्या तीन तर मला सहज जमतील. त्यावर एम्मा म्हणते की अडचण एवढीच, तीनवरच थांबावं लागेल.

मला हसू फुटलं. पुरतं बाहेर पडायच्या आत पडद्यावर मिस बेट्सचा चेहरा आला. टोमणा तिच्यापर्यंत हळूहळू पोहोचतो. ती आधी हसतीच असते, मग ते हसू तोंडावर नुसतं राहून जातं. माझ्या घशातलं हसू तिथेच अडकलं. बांना शब्द कळला नव्हता. त्या म्हणाल्या, “एने खोटुं लाग्युं.” तिला लागलं.

आणि मला आमच्या पुढच्या खोलीत, शिकवणीच्या वेळी आलेली एक बाई आठवली. घरी साड्यांना स्टोन लावायचं काम करणारी, माझ्या एका विद्यार्थ्याची आई. चौकशीला आली, तेव्हा सगळी मुलं बसलेली होती. तिने बहुधा जिन्यातच जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, “टीचर, माय सन इंग्लिश व्हेरी वीक.” मी म्हणाले, “अब समझ में आया, किस पर गया है।” मुलं फिदीफिदी हसली. तीही हसली, तोंडाला पदर लावून. मुलगा मान खाली घालून वहीतलं एकच अक्षर पेनाने गिरवत राहिला.

त्या वाक्याचा मला अभिमान वाटला होता. रात्री जेवताना मी ते घरच्यांना पुन्हा सांगितलं, आणि तेही हसले.

सहलीहून परतताना एम्माच्या घरचा जुना स्नेही मिस्टर नाइटली तिला झापतो. त्याचा मुद्दा फार नेमका आहे. मिस बेट्स तुझ्या बरोबरीची, पैशाने सुखी असती तर तिची थट्टा चालून गेली असती. ती गरीब आहे, आणखी गरीब होणार आहे, म्हणून चालत नाही. हे मी बी.ए.च्या पेपरात उत्तम लिहिलं होतं. चांगले गुण मिळाले असणार. पण वुडहाउसला हसणं आणि मिस बेट्सला हसणं यांत काय फरक आहे, हे मला स्वतः दोघांना हसल्याशिवाय कळलं नाही. एक वर बघून हसणं आहे, दुसरं खाली बघून. वर बघून हसायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि ज्याला हसायला मी घाबरत होते त्याच इंग्रजीच्या जोरावर मी त्या बाईला हसले. सिनेमा गंभीर असता, तर मी एम्माला पहिल्यापासून नावं ठेवली असती आणि स्वतः सुटले असते. विनोदाने मला सुटू दिलं नाही, कारण मी तिच्याबरोबर हसले होते.

नंतर कादंबरी पुन्हा काढली, गाईड न घेता. मिस बेट्सची लांबलचक भाषणं मी पूर्वी गाळली होती. आता दिसलं की फ्रँक आणि तिची भाची जेन फेअरफॅक्स यांच्या चोरून जमलेल्या लग्नाचे धागे तिच्या बडबडीत सांडलेले आहेत. तिचं कोणी ऐकत नाही, म्हणून ते कोणाला दिसत नाहीत. वाचणाराही पानं उलटतो आणि एम्माच्या शेजारी जाऊन बसतो. शेवटी वुडहाउस मुलीच्या लग्नाला राजी होतो तो शेजारच्या खुराड्यातून टर्की चोरीला गेल्यामुळे, घरात एक पुरुष माणूस असलेला बरा म्हणून! हे सगळं 1815 पासून पुस्तकात होतं. मी ते मान खाली घालून वाचलं होतं.

सगळंच पटलं असं नाही. नाइटली मागणी घालतो तेव्हा एम्माच्या नाकातून रक्त येतं, ते मला अजूनही उगाच वाटतं, आणि त्यावरून भाचीशी माझं रीतसर भांडण होतं. शिकवणीत मी आता वुडहाउसचं पेजेचं प्रकरण मोठ्याने वाचते आणि मुलांना गुजरातीत त्याची नक्कल करू देते. मुलं मला वाटलं होतं त्याहून बरीच हुशार निघाली.

एम्मा दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस बेट्सच्या घरी गेली. मी गेले नाही. त्या मुलाने महिना संपताच शिकवणी सोडली, आणि फी परवडली नसेल असं मी ठरवून टाकलं. कामरेजमध्ये एक घर शोधणं काही अवघड नाही, निदान मला तरी नाही. हे छापून आलं म्हणजे मी जाऊन आले असं होत नाही, हे मला कळतं. ती बाई मराठी वाचत नाही.