किलोवर आलेली पुस्तकं

पारोळ्यात मला पुस्तकं किलोवर मिळतात. मी जिनिंगमध्ये दिवाणजी आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत कपाशीचा हंगाम. तेव्हा वजनपावत्या सोडून दुसरं अक्षर डोळ्यांसमोर येत नाही. हंगाम ओसरला की मी हायवेलगतच्या रद्दीच्या दुकानाकडे वळतो. दुकानदार ओळखीचा झाला आहे. दिसलो की म्हणतो, “आप्पा, तुमनासाठे बाजूले ठेयेल शे,” आणि एक गोणी पुढे ओढतो.

माल कुठून आला ते गोणीत हात घातल्यावर कळतं. मुलं सुरतेला नाहीतर पुण्याला स्थिरावली, आईवडील गेले, घर विकायचं ठरलं, की भिंतीतलं कपाट रिकामं होतं. लग्नात भेट दिलेल्या पुस्तकांवर आशीर्वाद असतात. वाचनालयांचे जांभळे शिक्के असतात, पुस्तक सात दिवसांत परत करण्याची तंबी असते. हे सगळं एकाच काट्यावर चढतं. मी उचलत नाही ते शेव-भज्यांच्या पुड्यांना जातं किंवा कागदाच्या कारखान्यात.

गोणीत काय निघेल यावर माझा काही इलाज नसतो, आणि मला हेच फार आवडतं. नव्या पुस्तकांच्या दुकानात मी ठरलेल्या दोन-चार नावांपाशीच घुटमळतो. गोणीत बाबूराव अर्नाळकरांच्या खाली विनोबा सापडतात. ‘गीता प्रवचने’ विकत घ्यायला मी कधीच गेलो नसतो. इथून तासाभराच्या वाटेवर, धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ साली विनोबा ती प्रवचनं बोलले आणि साने गुरुजींनी उतरवून घेतली, हेसुद्धा मला त्या फाटक्या प्रतीमुळेच कळलं. समोर कैदी बसलेत हे ध्यानात ठेवून वाचलं की त्यातले साधे दाखले जास्त खरे वाटतात. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्याकडे वाक्य रेंगाळत नाही, माणूस दारातून आत आला की लगेच काहीतरी घडतं. असं लिहिणं सोपं नाही. या माणसाचा मी मनापासून आदर करतो.

पुष्कळसं वाचवत नाही, हेही खरं. विशेषणांनी जड झालेल्या ऐतिहासिक कादंबऱ्या मी आता पहिल्या प्रकरणातच परत करतो.

१९५७ पूर्वीची पुस्तकं किमतीवरून ओळखू येतात. ‘२॥ रुपये’ असं छापलेलं असतं. त्या दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे. आत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ अशी टिंबांची पखरण. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. सुरुवातीला डोळा अडखळतो, पुढे ती टिंबं नसली तर पान उघडंबोडकं वाटायला लागतं.

‘बहिणाबाईंची गाणी’ची एक प्रत मी कोणाला देणार नाही. १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर, त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांच्यामुळे ही गाणी पुस्तकात आली. बहिणाबाईंना स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. माझी प्रत बरीच अलीकडची आहे. पुठ्ठा सुटलेला, तो कोणीतरी दाभणाने, गोणी शिवायच्या सुतळीने पक्का टाचला आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने कापूसवेचणीचा हिशेब आहे. डावीकडे वार, उजवीकडे किलो: अठरा, बावीस, सतरा. सतराच्या आधी चौदा लिहून खोडलं आहे. वेचणाऱ्या बाईने पुन्हा वजन करायला लावलं असणार. मी पेशाने हिशेबनीस, बेरीज करून पाहिली, बरोबर आली. ज्या घरात हे पुस्तक होतं, तिथे ते देव्हाऱ्याशेजारी ठेवलेलं नव्हतं. शेतात नेलं जात होतं. बहिणाबाईंची गाणी वाचणाऱ्या पुष्कळ विद्वानांपेक्षा मला हा अनोळखी शेतकरी जवळचा वाटतो.

पण गोणीतून निघालेल्या पुस्तकांत मला सगळ्यांत जास्त हलवून सोडलं ते विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ने. पारोळ्यात झाशीच्या राणीविषयी लहानपणापासून ऐकत आलो. आमचा भुईकोट किल्ला १७२७ सालचा मानतात, आणि तांबे घराण्याच्या नात्यामुळे पारोळा हे राणीचं माहेर असं गावात मोठ्या अभिमानाने सांगतात. माझ्या मनातली राणी घोड्यावरच होती, पाठीशी मूल बांधलेली, शाळेच्या भिंतीवर रंगवलेली.

गोडसे भटजींनी तिला घोड्यावरून उतरवून माझ्यासमोर आणलं. ते पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून १८५७ साली काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले आणि बंडाच्या ऐन गदारोळात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून पाहिला. भटजी कुठेही शौर्याचा आव आणत नाहीत. भीती वाटली तिथे भीती वाटली म्हणतात, जेवण चांगलं झालं तर तेही सांगतात. म्हणूनच गोरे शहरात शिरतात तेव्हा भटजींच्या प्रत्येक शब्दावर विश्वास बसतो.

लुटीच्या वर्णनात राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची वाताहत येते. मी पुस्तक मिटलं आणि अंगणात येऊन उभा राहिलो. गल्लोगल्ली प्रेतं पडलेली असताना या माणसाला पोथ्यांचंही दुःख झालं, आणि अनेक वर्षांनी लिहायला बसल्यावरही ते त्याच्या लक्षात होतं. माणसांच्या दुःखापुढे त्याने ते झाकून टाकलं नाही. त्या एका जागेसाठी मी त्यांना दंडवत घालतो.

माझ्या हाती आधी आलेली प्रत चिंतामणराव वैद्यांच्या पाठाची. त्यांनी १९०७ साली हे पुस्तक पहिल्यांदा छापलं, पण इंग्रजी अमलाचा काळ, त्यामुळे बरीच काटछाट आणि फेरफार करून. मूळ लिखाणाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली दिला. तोही मला रद्दीतच मिळाला, दुसऱ्या कोणाच्या घरातून निघालेला. एका उन्हाळ्यात दोन्ही शेजारी ठेवून वाचले. पोतदारांच्या पाठात भटजींचा स्वतःचा आवाज लागतो, थोडा ओबडधोबड, मध्येच दम घेणारा. शक्य असेल त्याने तोच वाचावा.

वैद्यांची प्रत मी आमच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या भाऊला दिली. शाळा सुटल्यावर त्याने पुस्तक हातात धरलं नव्हतं. गाड्यांच्या रांगेत दोन ट्रॅक्टरांमध्ये अंतर पडलं की तो पान उघडतो. परवा माझ्या टेबलाशी येऊन विचारत होता, राणीचे वडील मोरोपंत तांबे सुटले का. मी म्हटलं, पुढे वाच. दुसऱ्या दिवशी तो आला आणि नुसतीच मान हलवली. त्या दिवशी त्याने पुस्तक उघडलं नाही. आता पुन्हा वाचतो आहे, काल्पीपर्यंत पोचलाय.