दोन सीटांच्या मधल्या डब्याला

प्रिय डब्या,

तू अजून सुताराच्या फळीवर पेन्सिलीच्या रेघांपुरताच आहेस. शोरूमची माणसं तुला 'सेंटर कन्सोल' म्हणतील, आमच्याकडे तू 'मधला डबा'. तुला कापायला घेण्याआधी माझ्या अटी लिहून देतो. पत्र उघडं ठेवतो आहे, कारण गडचिरोलीत वडशाला, कोरचीला किंवा धानोऱ्याला जुन्या जीपमध्ये असा डबा बसवायच्या विचारात कुणी असेल तर त्यानेही वाचावं.

पहिली गोष्ट, तू ज्या जागेत येतो आहेस ती रिकामी जागा नाही. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, तेव्हा त्या गाडीत तुझ्यासारखं काही नव्हतं. युद्धासाठी काढलेली गाडी ती. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी, मागच्या कोपऱ्यांत अवजारांचे कप्पे आणि मधे जमिनीतून वर आलेले दांडे, बस्स. पुढे याच घराण्यातल्या लांब चेसिसच्या जीपा विदर्भात काळीपिवळी टॅक्सी म्हणून धावू लागल्या आणि दोन सीटांच्या मधे माणूस बसू लागला. गियरचा दांडा गुडघ्यांच्या मधे घेऊन, ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला की अंग चोरून घेत, कुरखेड्याच्या बाजाराला किती लोक आले असतील! ते नियमात बसणारं नव्हतं आणि सुरक्षित तर मुळीच नव्हतं. पण ती जागा तेव्हापासून माणसाच्या नावावर लागली आहे. तू भाडेकरू म्हणून येतो आहेस, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेव.

तुझं घराणंही फार जुनं नाही. १९५८ साली फोर्डने चार सीटांची थंडरबर्ड काढली. गाडी बुटकी ठेवायची होती, म्हणून गियरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्टवरचा पत्र्याचा उंचवटा पार आत, सीटांच्या मधे आला. तो झाकायचा कसा, या अडचणीतून कारागिरांनी त्याच्यावर कन्सोल चढवला आणि ती अडचणच फॅशन होऊन बसली. आज २०२० नंतरच्या थारमध्ये कंपनीच तो बसवून देते. माझी जीप त्या पिढीची नाही. तिच्यात तुला आणायचा म्हणजे टेप, करवत आणि वेल्डिंगचं काम.

मग तू हवासच कशाला? पुराड्यावरून बेडगावचा घाट चढून कोरचीकडे जाताना मोबाइलचं नेटवर्क येतं आणि जातं. अशा रस्त्यावर टॉर्च, टोचनाची दोरी, फ्यूजची डबी, पाना आणि गाडीचे कागद हाताशी लागतात, आणि ती अंधारात सीटखाली चाचपडून सापडत नाहीत. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात तिथे, जायचं तर वह्या आणि पावत्या सोबत असतात. जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात, त्यामुळे त्या कागदांची किंमत नोटांइतकीच. पावसाळ्यात हेच कागद भिजून लगदा होतात. कुलूप लागणारा, पाणी न शिरणारा, डाव्या हाताने उघडता येणारा असा तू मला हवा आहेस. चहाचा पेला ठेवायला तुझ्यात खाच असली तर आनंद आहे, पण त्यासाठी तुला बोलावलेलं नाही.

आता मापं. गाडी उभी असताना घेतलेलं माप खोटं असतं. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत प्रत्येक गियर टाकून पाहायचा, मग रिव्हर्स, मग फोर-बाय-फोरचा दांडा टू-हायवरून फोर-हाय आणि फोर-लोपर्यंत ओढायचा. प्रत्येक वेळी मूठ आणि डब्याची कड यांत निदान चार बोटं जागा उरली पाहिजे. चिखलात माणूस दांडा हळूच ओढत नाही, हिसका मारतो, आणि ती कड बोटांच्या सांध्यांवर बसते. हँडब्रेक पूर्ण वर ओढून पाहायचा. झाकण उघडं ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवायचं. उंची इतकीच, की कोपर टेकेल पण खांदा वर उचलला जाणार नाही.

लाकडाचा प्रश्न आमच्या भागात भावनेचा होतो. आलापल्लीच्या सागवानाचा हा मुलूख. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीचं सागवान २०२३ साली बल्लारपूरहून वाजतगाजत निघालं, ते याच जंगलपट्ट्यातलं. त्यामुळे पहिला सल्ला मिळतो तो 'सागवानच लावा भाऊ' असा. सागवान वाळवीला दाद देत नाही आणि पाण्याने फुगत नाही, हे खरं. पण हिशेब करून पाहू. ६० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि ३० उंच असा तू झालास आणि सगळ्या बाजू १८ मिलिमीटर सागवानाच्या घेतल्या, तर रिकामाच साडेनऊ किलोच्या आसपास भरशील. सव्वा मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याचा केला तर आठेक किलो, वर उन्हात तापणार आणि खड्ड्यात वाजणार. १२ मिलिमीटरच्या मरीन प्लायचा केला तर सहा किलोच्या घरात. म्हणून ठरलं असं: आयएस ७१० शिक्क्याची प्लाय, फक्त कोपऱ्यांना आणि झाकणाच्या कडेला सागवानाची पट्टी, वरून रेक्झिन. त्या पट्टीचीसुद्धा डेपोची किंवा दुकानाची पावती घेऊन ठेवायची. जंगलाच्या जिल्ह्यात नवं कोरं सागवान बिनपावतीचं फिरवू नये.

वजनावर इतकं बोलतो त्याला कारण आहे. गाडी ताशी ४० किलोमीटरने जाते आहे आणि झाडावर आदळून सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, असं धर. त्या क्षणी आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे अकरा पट जोर येतो. तू आणि तुझ्या पोटातलं सामान मिळून दहा किलो भरलात, तर एकशेदहा किलोच्या जोराने पुढे झेपावाल. चार लाकडी स्क्रूंना तो जोर पेलणारा नाही. म्हणून फ्लोअरच्या खालून जाड पट्टी, तिला वेल्ड केलेले नट, आणि वरून १० मिलिमीटरचे बोल्ट. झाकणाला नुसता चुंबक चालणार नाही, कोयंडा हवा. नाहीतर पाना तुझ्यातून सुटून कुणाच्या तरी कपाळावर जायचा.

भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून पाहायचं. ब्रेकचा पाइप, डिझेलची नळी आणि तारांचा जुडगा याच पट्ट्यातून जातो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. पाडलेल्या भोकाच्या कडेला रेड ऑक्साइड आणि सिलिकॉन लावायचं, नाहीतर सती नदीच्या पुराचं पाणी आणि मुरुमाचा चिखल दोन पावसाळ्यांत पत्रा खाऊन टाकतील. जुन्या जीपमध्ये गियरबॉक्सवरचा पत्रा बोल्ट काढून उचलता येतो, तो तुझ्याखाली दाबून टाकायचा नाही. क्लचचं काम निघालं की मेकॅनिक आधी तुला शिव्या घालेल आणि मग मला. ज्यांच्या गाडीला एअरबॅग आहेत त्यांनी तर मधल्या पत्र्याला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारावं. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारं यंत्र बहुतेक गाड्यांत याच जागी बसवलेलं असतं.

विजेचं थोडक्यात. तुझ्या अंगावर एक चार्जिंग सॉकेट आणि एक छोटा दिवा. १२ व्होल्टला १० अँपिअरचा फ्यूज म्हणजे १२० वॅटची मर्यादा, आणि ती आपल्याला पुष्कळ झाली. फ्यूज बॅटरीजवळ हवा, तुझ्याजवळ नको. वायर पत्र्याला घासून उघडी पडते ती वाटेत, आणि फ्यूज वाटेच्या शेवटी असेल तर अख्खी वायर जळून जाते तरी तो शाबूत राहतो. पत्र्यातून वायर जाते तिथे रबराचा ग्रॉमेट घालायचा. सॉकेट चावीवर चालणारं हवं, म्हणजे रात्री विसरलेला चार्जर सकाळी बॅटरी रिकामी करून ठेवणार नाही. गियरबॉक्सच्या उष्णतेने तुझा तळ तापेल, म्हणून खाली बोटभर फट ठेवतो. तरीही औषधं आणि मलेरियाच्या तपासणीच्या किट तुझ्यात ठेवणार नाही. ती उष्णतेने खराब होतात.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलं. सीटांच्या मधे बोल्टने बसवलेला डबा आसनांची संख्या बदलत नाही. पण तुझ्या हौसेपायी एखादी सीट काढली, तर ती बदलते.

आता शेवटची अट. बाकी सगळ्या हिला शरण.

माझ्या जीपच्या मागच्या बाकांच्या मधली जागा सहा फुटी माणसाला आडवं व्हायला पुरत नाही. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, पण ती येते रस्ता असेल तिथवर. पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या टोल्यावरून रुग्ण खाटेवर रस्त्यापर्यंत आणावा लागतो, आणि कधी कधी तिथे उभी असते ती फोर-बाय-फोर जीपच. मग रुग्णाला झोपवलेली बांबूची पाटी मागून आत सरकवायची, तर तिचं पुढचं टोक दोन सीटांच्या मधे येतं. नेमकं तुझ्या जागी. कुरखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत तेवढी एक फूट जागा हवीच असते.

म्हणून तुझे बोल्ट पान्याचे नसतील. हाताने फिरतील अशा मुठींचे असतील, आणि खड्ड्यांनी सैल होऊ नयेत म्हणून त्यांच्याखाली स्प्रिंग वॉशर. वायरला मधे जोड असेल, ओढला की सुटणारा. दोन्ही बाजूंना दोरीची कडी, म्हणजे तुला एकट्याने उचलता येईल. फिटिंग झालं की मिस्त्रीला पैसे देण्याआधी अंधारात, टॉर्च न लावता, तुला काढून पाहणार आहे. निघाला नाहीस तर पैसे नाहीत.

गाडीत असा डबा बसवणाऱ्या प्रत्येकाने मिस्त्रीला 'बसतो कसा' याच्याआधी 'निघतो कसा' हे विचारावं. शहरातल्या गाडीत कन्सोल घट्ट बसला की काम झालं. आमच्या रस्त्यांवर तो घट्ट बसला पाहिजे आणि वेळ आली की जागाही सोडली पाहिजे. हे मान्य असेल तर सोमवारी फळी कापायला सांगतो.

तुझा,
एक जीपवाला
कुरखेडा, जि. गडचिरोली