काळाची कट्यार

गेलेला काळ परत यावा असें ज्यास कधींच वाटलें नाहीं, असा मनुष्य विरळा. आम्हांसही तसें वाटतें. आणि लाज न धरतां सांगावयाचें तर, त्यास निमित्त झाला संगणकावरील एक खेळ! वडीलधाऱ्या वाचकांनीं कपाळास आंठ्या घालण्यापूर्वीं आमचें म्हणणें थोडें ऐकून घ्यावें, ही विनंती.

2005 सालच्या दिवाळीच्या सुट्टींत आम्ही पानशेतास मामांकडे गेलों होतों. ज्यास आम्ही दादा म्हणतों त्या मामेभावाच्या संगणकावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ होता. जॉर्डन मेकनर या अमेरिकन गृहस्थानें 1989 सालीं मूळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया' रचिला. आपल्या धाकट्या भावास धांवावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. त्याच वंशांतील हा खेळ यूबीसॉफ्ट कंपनीनें 2003 सालीं काढिला. एका कपटी वजिराच्या बोलण्यास भुलून राजपुत्र काळाची वाळू मोकळी करतो आणि सारा राजवाडा त्या वाळूनें ग्रासला जातो. मात्र त्याच्या हातीं एक कट्यार असते. ती चालविली, कीं कांहीं क्षण मागें फिरतात; दरींत कोसळलेला राजपुत्र पुन्हां कड्यावर उभा राहतो. पण कट्यारींतील वाळू संपली, कीं मग चुकीस क्षमा नाहीं.

एके सायंकाळीं बराच वेळ झुंजून आम्ही एका अवघड मनोऱ्यावर चढलों. पुढील खूण गांठली असती, तर खेळ तेथवर जतन झाला असता. इतक्यांत वीज गेली! सारे श्रम वाया गेले आणि आम्हांस रडूं कोसळलें. ओसरीवर आजी वाती वळीत बसली होती. तिनें कारण विचारलें, तेव्हां दादानें तिला कट्यारीची गोष्ट सांगितली. ती किंचित् हंसली व म्हणाली, "अरे, अशी कट्यार आम्हांला मिळाली असती तर!"

आणि त्या अंधारांत तिनें 12 जुलै 1961 ची हकीकत सांगितली. आंबी नदीवरील येथलाच मातीचा बांध, काम पुरतें होण्यापूर्वींच पाण्यानें भरलेला, त्या सकाळीं फुटला. त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें धरणही फोडिलें आणि पाणी पुण्यांत शिरलें. आजी तेव्हां नारायण पेठेंतील नवी नवरी. नेसत्या वस्त्रानिशीं ती घरच्या मंडळींसह बाहेर पडली. परतली, तों घराच्या जागीं चिखल आणि दगड! "आईनें दिलेली तांब्याची घागर तेवढी सांपडली, तीही चेपलेली," ती म्हणाली. "गेलेलें फिरवतां येत नाहीं, बाळ. पण पुन्हां मांडतां येतें. आम्हीं संसार मांडला. वीज आली, कीं तूं खेळ मांड."

पुढें 2020 च्या सप्टेंबरांत बातमी आली, कीं हाच खेळ नव्यानें घडविला जाणार आणि तें काम यूबीसॉफ्टच्या पुणें व मुंबई येथील शाखा करणार. दादानें परदेशांतून दूरध्वनि केला : "अरे, आपला राजपुत्र पुण्यांत जन्म घेणार!" आमचा आनंद गगनांत मावेना. परंतु दाखविलेलीं पहिलीं चित्रें अनेक रसिकांस रुचलीं नाहींत. प्रकाशनाचा मुहूर्त टळत गेला. 2022 सालीं काम कॅनडांतील मॉन्ट्रियलकडे गेलें, आणि 2026 च्या जानेवारींत तो बेतच रद्द झाला.

त्या दिवशीं आम्हीं स्वतःस विचारलें : आम्हांस हवें तरी काय? नवा खेळ, कीं पानशेतची ती ओसरी? आजी आतां नाहीं. दादा सातां समुद्रांपलीकडे. कोणत्याही कारागिराची कट्यार तें परत आणणार नाहीं. खेळाच्या शेवटीं राजपुत्रही सारा काळ उलटा फिरवितो. राजवाडा वांचतो खरा. पण जिच्या संगतीनें तो लढला, ती फराह त्यास ओळखीत नाहीं. लहानपणीं आम्हांस हें दुःख उमगलें नव्हतें.

तरीही आमची इच्छा सुटत नाहीं. पानशेतचें फुटलेलें धरण त्याच नदीवर पुन्हां बांधलें गेलें, आणि आज तानाजीसागराचें पाणी पुणेकर पितात. नदी तीच, बांध नवा. आमचा खेळही तसाच पुन्हां घडावा. चित्रें हवीं तितकीं नवीं असोत. कट्यारींत वाळू मात्र मोजकीच असावी. आणि बालमित्रांनो, तो घडविणारे हात तुमच्यांपैकीं कोणाचे असले, तर आमच्या आनंदास पारावार राहणार नाहीं. पालकांसही एवढेंच सांगणें, कीं वीज जाऊन मूल रडूं लागलें, तर त्यास रागें न भरतां जवळ बसवावें आणि आपल्या लहानपणची एखादी गोष्ट सांगावी.