४५ डॉलरचा इशारा

१९८२ साली युरोपातल्या काही संशोधकांनी लायबेरियातल्या लोकांचं रक्त तपासलं आणि लिहून ठेवलं, की इबोलाच्या टापूत हा देशही धरायला हवा. निबंध युरोपातच छापला गेला. लेखकांत लायबेरियाचं कुणी नव्हतं. २०१४ मध्ये साथ पसरली तेव्हा तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना या इशाऱ्याचा पत्ताच नव्हता. ४,८०० वर माणसं दगावली. तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी एप्रिल २०१५ मध्ये दोन सहकाऱ्यांसह ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हे सगळं मांडलं. तो निबंध उतरवून घ्यायचा तर ४५ डॉलर मोजावे लागत; तिथल्या डॉक्टरची निम्म्या आठवड्याची कमाई.

ज्यांनी सुईपुढे दंड धरला, ती माणसं माझ्या मनातून जात नाहीत. निबंध फुकट असता तर साथ टळली असती, असं मी म्हणणार नाही. तिथं डॉक्टरांची, हातमोज्यांचीसुद्धा वानवा होती. पण आपल्याच रक्तातून निघालेली सूचना आपल्याला विकत घ्यावी लागणं, हा अन्याय आहे. संशोधनाचा खर्च बहुधा सरकारी तिजोरीतून होतो, लेखकाला मानधन नसतं, निबंध तपासून देणारे तज्ज्ञही सहसा पैसे घेत नाहीत. मग किंमत कसली?

त्यावर निघालेला तोडगाही मला पटत नाही. वाचकाला फुकट, पण खर्च लेखकाने भरायचा. २०२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने त्यासाठी ९,५०० युरो दर जाहीर केला. एवढे पैसे लायबेरियातल्या संशोधकाने तेव्हा आणायचे कुठून?

आपल्याकडे २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सरकारी वर्गणीची योजना सुरू झाली. तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिकं. जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजातली मुलगी आता ती वाचू शकते, याचा मला मनापासून आनंद आहे. पण योजना सरकारी संस्थांपुरती. तालुक्यात स्वतःचा दवाखाना चालवणारी डॉक्टर बाहेरच राहते. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली बंगळुरूची विज्ञान अकादमी लेखकाकडून शुल्क न घेता नियतकालिकं काढते आणि स्वतःच्या संकेतस्थळावर ती सर्वांना वाचू देते. त्या ६,००० कोटींतला काही वाटा अशा नियतकालिकांना मिळावा, अशी माझी मागणी आहे.